एक गल्ला, दोन हिशेब: सीमेवरच्या दुकानातल्या पोस्टाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. गाव चंदगड तालुक्याच्या पश्चिम अंगाला आहे, एवढं पुरे. घाट उतरलात की दोडामार्ग आणि पुढे गोवा. उलट्या बाजूला बेळगावच्या वाटेवर कर्नाटकची हद्द. गावाचा पिन 416 ने सुरू होतो, बाजार ज्या बेळगावला करतात तिथला 590 ने, आणि निम्मी तरणी पोरं जिथं कामाला जातात त्या गोव्याचा 403 ने. मी या भागात बरीच वर्षं मेल ओव्हरसियर होतो. खेड्यातली शाखा डाकघरं, आमच्या बोलण्यात बीओ, न सांगता जाऊन तपासायची, रोकड मोजायची, पासबुकं हिशेबाशी ताडून बघायची, हे माझं काम.

दुकान स्वातंत्र्याच्या आधीचं. आजच्या मालकाच्या आजोबांनी घाटवाटेच्या तोंडाशी ते मांडलं. खालून मीठ, सुकी मासळी, खोबरं वर यायचं; बेळगाव बाजारातून आणलेला गूळ, मिरची, कडधान्य खाली जायचं. ऑगस्ट 1955 मध्ये गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, भारतानं हद्द बंद केली, आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ती वाट उघड व्यापाराला मिटलेलीच राहिली. त्या सहा वर्षांत दुकानातला माल आटला आणि उधारीची वही जाड झाली, असं घरात आजही सांगतात.

मधेच दुकानाचा पत्ताही बदलला. चंदगड पूर्वी बेळगाव जिल्ह्यातला तालुका. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. दुकान जागचं हललं नाही, जिल्हा बदलला. त्यानंतरही कित्येक वर्षं ‘जि. बेळगाव’ लिहिलेली पत्रं यायची आणि फिरून फिरून पोचायची.

पोस्ट आलं ते साठच्या दशकात. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशात मिळून 23,344 डाकघरं होती. आज दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. एवढी डाकघरं बांधायला सरकारकडे इमारती नव्हत्या आणि पुऱ्या पगाराची माणसंही नव्हती. म्हणून ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ नावाची व्यवस्था वाढवली गेली. दिवसाचे काही तास काम, पगाराऐवजी भत्ता, आणि अट अशी, की पोस्टमास्तराला उपजीविकेचं दुसरं साधन हवं आणि पोस्टासाठी जागा त्यानंच द्यायला हवी. आता यात कोण बसणार? एक तर शाळामास्तर, नाही तर दुकानदार. शाळामास्तराची बदली होते. दुकानदार सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी बसलेला असतो, त्याच्याकडे कुलपाची पेटी असते, आणि त्याला हिशेब येतो. आजोबा पोस्टमास्तर झाले. त्यांच्यानंतर ऐंशीच्या दशकात त्यांचा मुलगा. या प्रकरणातले ‘मास्तर’ म्हणजे तो मुलगा.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हाचा गल्ला अजून डोळ्यांसमोर आहे. सागवानी फळी, तिच्या उजव्या अंगाला तराजू, डाव्या अंगाला तारीख शिक्का, शाईचं पॅड आणि लाखेचा डबा. शेंगतेल मापून दिलेल्या हातानंच शिक्का उचलला जायचा, त्यामुळे गावाहून निघालेल्या बऱ्याच पत्रांवर शिक्क्याभोवती तेलाचं पुसट कडं असायचं. पेटी मात्र एकच होती. वरच्या खणात चिल्लर आणि नोटा, खालच्या खणात तिकिटं, मनीऑर्डरी, पासबुकं. वरचा खण दुकानाचा आणि खालचा पोस्टाचा, असं मास्तर म्हणायचे. नोटा मात्र दोन्हीकडे फिरायच्या.

त्या कशा फिरायच्या हे समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. गावाच्या नावानं घेतलेल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायची आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर लावायची. त्यावर कमिशन वेगळं. फॉर्मच्या खालच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा: ‘पेरणीला पैसे कमी पडले तर कळव. आईला दवाखान्यात ने.’ ते कूपन बायका जपून ठेवायच्या, कारण महिन्याचं पत्र तेच असायचं. अडचण अशी, की मनीऑर्डरी दहा आल्या तरी बीओत तेवढी रोकड नसायची. ती वरच्या सब ऑफिसातून थैलीतून मागवायची आणि थैली पायी यायची. पावसात ओढा चढला की दोन-तीन दिवस नाहीच. अशा वेळी मास्तर दुकानाच्या खणातून पैसे द्यायचे आणि थैली आली की तेवढे काढून घ्यायचे. नियमात हे बसत नाही. पण बाई ओट्यावर बसलेली असायची, घरात तांदूळ नसायचा, आणि पैसे तिचेच असायचे.

यालाच दुसरी बाजू होती. ज्या फळीवर मनीऑर्डर मिळायची त्याच फळीवर तिची उधारी लिहिलेली असायची. दोनशेची मनीऑर्डर आली तर पावतीवर अंगठा दोनशेचा, हातात एकशे दहा, आणि नव्वद वहीतून वजा. बहुतेक बायकांना हे मान्य होतं. सगळ्यांना होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी जवळजवळ थांबल्या. अडीच लाख कामगारांचा तो संप, त्यातली किती तरी घरं या डोंगरात होती. माणसं परत आली, काहींनी गोव्याची वाट धरली. त्या काळात दुकानानं गाव सांभाळलं हे म्हातारी माणसं अजून बोलून दाखवतात. मास्तरांवरचा गावाचा विश्वास तिथून आला. पुढे चाळीस वर्षं पोस्ट चाललं ते त्या विश्वासावर. म्हणूनच त्याची तपासणीही कोणी नीट केली नाही, आणि त्या ‘कोणी’त मी आहे.

अडचण

मास्तर 2021 मध्ये 65 वर्षांचे होणार होते. ग्रामीण डाक सेवकाची, म्हणजे पूर्वीच्या एक्स्ट्रा डिपार्टमेंटल माणसाची, निवृत्ती त्या वयाला होते. गावानं गृहीत धरलं होतं की आता मास्तरांचा मुलगा पोस्ट बघेल. दुकान तर तो आणि त्याची बायको चालवतच होते. पण ही जागा वारशानं मिळत नाही. निवड ऑनलाइन अर्जांतून, दहावीच्या गुणांवर होते. मुलाला दहावीला जेमतेम गुण. निवड झाली ती सोलापूरकडच्या एका तेवीस वर्षांच्या मुलीची. तिनं हे गाव नकाशावरही पाहिलेलं नव्हतं.

तिला गावात राहायला हवं होतं आणि पोस्टासाठी जागा दाखवायला हवी होती. 2018 च्या फेररचनेनंतर चार तासांच्या बीओच्या पोस्टमास्तराला मूळ 12,000 रुपये आणि वर महागाई भत्ता मिळतो. जागा, वीज, मोबाइल या सगळ्यासाठीचा भत्ता महिन्याला फार तर 500 रुपये. एवढ्यात खोली कोण देणार?

यंत्राची आणखी एक गोष्ट होती. खात्याच्या ‘दर्पण’ प्रकल्पात देशातल्या सुमारे 1.29 लाख शाखा डाकघरांना हातातली यंत्रं देण्याचं ठरलं, तसं एक इथंही आलं. कागदी बीओ जर्नल गेलं, प्रत्येक व्यवहार यंत्रावर आला, आणि यंत्राला रेंज हवी. त्या गावात रेंज दोनच ठिकाणी मिळायची: देवळामागच्या कातळावर आणि दुकानाच्या पडवीच्या उत्तर कोपऱ्यात. मास्तर यंत्र एका पिशवीत घालून वाशाला टांगून ठेवायचे. व्यवहार करताना खाली काढायचे, बटणं दाबायची आणि परत वर टांगायचे.

एवढंच असतं तर हे जागेचं प्रकरण झालं असतं. मास्तरांच्या निवृत्तीला आठ दिवस असताना मी रोकड आणि दप्तर तपासायला गेलो. रोकड हिशेबापेक्षा काही हजारांनी कमी होती. मास्तरांनी लगेच वरच्या खणाकडे हात नेला. मी म्हटलं, “मास्तर, थांबा.” मग त्यांनी फळीखालून एक गाठोडं काढलं. सुतळीनं बांधलेली पासबुकं. मोजली, एकसष्ट निघाली. खातेदारांची पासबुकं पोस्टमास्तरानं स्वतःकडे ठेवायची नसतात. खेड्यातल्या पोस्टात जे घोटाळे होतात त्यातले बरेचसे इथूनच सुरू होतात, आणि हे मास्तरांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी पासबुकं उघडत गेलो. बहुतेक आरडीची, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीची, महिना शंभर-दोनशे भरणाऱ्या बायकांची. जून ते सप्टेंबर या महिन्यांतही एकही हप्ता चुकलेला नव्हता. त्या चार महिन्यांत या गावात कोणाकडेही पैसे नसतात. लावणी चालू असते, मजुरी तोंडी असते, काजूचा पैसा संपलेला असतो. मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, “हप्ते मीच भरतोय, भाऊ. वहीत लिहितो. पीक आलं की देतात. खातं बंद पडलं तर त्या परत उघडत नाहीत.”

म्हणजे दुकानाच्या खणातून आरडीचे हप्ते जायचे, आणि दुकानाला माल भरायला कमी पडले की पोस्टाच्या खणातून वर यायचे. त्या आठवड्यात ते खाली परत गेले नव्हते, एवढंच झालं होतं.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न त्याच संध्याकाळचा. मास्तर दुसऱ्या दिवशी बेळगावहून पैसे आणून भरणार होते, त्यांची ऐपत होती. मी एक दिवस थांबलो असतो तर कागदावर काहीच उरलं नसतं. कळवलं असतं तर आठ दिवसांवर निवृत्ती आलेल्या माणसाला ‘पुट ऑफ ड्युटी’ करतील, म्हणजे कामावरून दूर ठेवतील, चौकशी लागेल, आणि निवृत्तीची रक्कम अडकेल, हे दिसत होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच असे सेवक नागरी पदावरचे आहेत असं ठरवलंय. त्यामुळे रीतसर चौकशीशिवाय त्यांना काढता येत नाही. पण रीतसर चौकशीला महिने लागतात.

न कळवण्याच्या बाजूनं बोलणारं मनात खूप होतं. मला थांबवलं ते एका विचारानं. उद्या नवी मुलगी इथं बसेल. ती पासबुकं तशीच तिच्या ताब्यात गेली आणि त्यातलं एक जरी पुढे जुळलं नाही, तर जबाबदारी तिच्यावर येईल. तिची या गावात ओळख नाही, तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. चार वाटा होत्या.

ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी होती. पक्की, स्वच्छ, भाडं नाही. सरपंच तयार. पण रेंज शून्य, आणि पंचायतीच्या ओट्यावर दिवसभर पुरुष बसलेले असतात. आरडी बायकांची, तिथं त्या येतील का, याची मला शंका होती. शाळेची पडवी फक्त सुट्टीच्या वेळेतच मिळाली असती. नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या बीओशी हे पोस्ट जोडून टाकावं अशीही एक सूचना होती. कागदावर ती सर्वांत स्वस्त. त्या वाटेवर मधे जंगल लागतं. 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती या पट्ट्यात आले तेव्हापासून आमचा थैलीवाला अंधार पडायच्या आत घर गाठतो. निराधार योजनेचे पैसे काढायला सत्तर वर्षांच्या बाईनं त्या वाटेनं जावं असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

उरली दुकानाचीच पडवी. तिथं रेंज होती, वस्ती होती, सवय होती. आणि जो दोष निस्तरायचा होता तोही तिथंच होता.

काय केलं

मी त्याच संध्याकाळी सब ऑफिसला कळवलं. फोन देवळामागच्या कातळावरून केला आणि तो करताना मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना न सांगता करायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. ते काही बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, “चहा घेऊन जा.” मी घेतला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब आले. कमी पडलेली रक्कम मास्तरांनी भरली, ती यूसीआरला, म्हणजे वर्गीकरण न झालेल्या जमेत, दाखवली गेली. मास्तरांना पुट ऑफ केलं. ज्या माणसानं चाळीसेक वर्षं त्या फळीवर शिक्का मारला त्याचा निवृत्तीचा दिवस असा गेला. नारळ नाही, शाल नाही. गावातले लोक माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते.

पुढचे तीन आठवडे एकेका पासबुकाचे होते. नवी पोस्टमास्तरीण रुजू झाली होती. साहेबांचं म्हणणं होतं की चावडीवर दवंडी देऊन सगळ्यांना बोलवावं आणि पासबुकं वाटावीत. मी विनंती केली की घरोघर जाऊ द्या. कारण एकसष्टमधली निदान दहा-बारा खाती अशी होती की नवऱ्याला किंवा मुलाला त्यांचा पत्ता नव्हता. मास्तरांकडे पासबुक ठेवण्याचं खरं कारण तेच होतं. छप्पर गळतं हे दुसरं. साहेबांनी ऐकलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आम्ही दोघं सकाळी निघायचो. ती मुलगी पासबुक बाईच्या हातात द्यायची, शिल्लक वाचून दाखवायची, बाईनं सांगितलेला आकडा लिहून घ्यायची. तिची सोलापुरी बोली यांना आणि यांची चंदगडी तिला, पहिल्या आठवड्यात दोन्हीकडून अडखळत गेली. एका घरात म्हातारीनं पासबुक घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, भाताच्या कणगीत हात कोपरापर्यंत खुपसून खाली ठेवलं आणि वरून भात सारखा केला. मग म्हणाली, “आता तू नि मी, दोघींनाच ठाऊक.” त्या दिवसापासून ती मुलगी गावात ‘पोस्टातली पोर’ झाली.

एकसष्टपैकी साठ पासबुकं खातेदारांच्या सांगण्याशी आणि सब ऑफिसच्या हिशेबाशी जुळली. कोणाचाही एक पैसा बुडालेला नव्हता. उलट वहीत मास्तरांचंच येणं निघत होतं.

जागा पडवीचीच ठरली, पण अटी घालून. उत्तर कोपरा फळ्यांनी वेगळा केला, त्याला रस्त्याकडून स्वतंत्र दार काढलं. लोखंडी पेटी वेगळी, किल्ली फक्त पोस्टमास्तरणीकडे. दुकानाच्या गल्ल्यावरून पोस्टाचा कोणताही व्यवहार नाही, पोस्टाच्या खिडकीत उधारीची वही नाही. आणि भाडं घ्यायचं, फुकट जागा नको, असा मी आग्रह धरला. मास्तरांच्या सुनेला ते आधी अपमानासारखं वाटलं. “आमच्या घरात पोस्टाचं भाडं कधी घेतलं न्हाई,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “वयनी, फुकट जागा दिली की त्या पोरीला तुमच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही. शंभर घ्या, पण घ्या.” त्यांनी दोनशे घेतले. फळ्यांचा खर्च मास्तरांनी केला, मी सांगितलेलं नसताना.

निष्पत्ती

पहिल्या पावसाळ्यात आरडी कोसळली. हे मला दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही. चुकलेल्या हप्त्याला शंभराला महिना एक रुपया दंड, आणि चारपेक्षा जास्त हप्ते थकले की खातं बंद पडतं. दोन महिन्यांत ते चालू करून घेतलं नाही तर मग पुढे भरता येत नाही. जूनमध्ये थकायला सुरुवात झाली, दिवाळीपर्यंत एकसष्टपैकी एकोणीस खाती बंद. दुकानाच्या गल्ल्यानं ज्या चार महिन्यांवर पूल टाकला होता तो आम्ही नियमानं काढून घेतला होता आणि त्या जागी काही ठेवलं नव्हतं. काही बायका पतसंस्थेच्या पिग्मीकडे गेल्या. काहींनी बचतच सोडली.

तोडगा त्या मुलीला सापडला, तोही नियमाच्या पुस्तकातच. आरडीचे हप्ते आगाऊ भरता येतात, आणि शंभराचे सहा हप्ते एकदम भरले तर एकूण दहा रुपये सूट मिळते. या गावात हातात पैसा येतो तो मार्च ते मे, काजूच्या हंगामात. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ती काजू बी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्याजवळच यंत्र घेऊन बसली. काटा देवळामागच्या कातळाजवळ, त्यामुळे रेंज होतीच. बी तोलून पैसे हातात आले की तिथल्या तिथं सहा हप्ते. त्या वर्षी पावसाळ्यात फक्त तीन खाती थकली. मी एवढी वर्षं या खात्यात होतो. ही सूट मला तोंडपाठ होती. ती काजूच्या हंगामाला जोडायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची, म्हणजे टपाल खात्याच्याच बँकेची, खातीही वाढली. 1 सप्टेंबर 2018 ला ती बँक सुरू झाली तेव्हा मास्तरांनी त्यात फारसा हात घातला नव्हता. आता गोव्यातली पोरं फोनवरून पैसे टाकतात आणि आई-बाप अंगठा लावून काढतात. मनीऑर्डरचं कूपन गेलं, त्याची जागा फोननं घेतली. अंगठ्याचा मात्र त्रास आहे. काजूच्या टरफलातलं तेल हात जाळतं, आणि बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. ती मुलगी त्यांना आधी कोमट पाण्यानं हात धुवायला लावायची, मग खोबरेल चोळायची, आणि एकेक बोट लावून बघायची. करंगळी बऱ्याचदा चालते.

दुकानाला फटका बसला. पैसे काढलेली माणसं आता दुसऱ्या दारानं बाहेर पडतात, काही सरळ एसटीनं चंदगडच्या बाजाराला जातात. उधारी वसूल व्हायला वेळ लागतो. दुकान बंद पडलेलं नाही, पण वयनींनी आता किराण्याबरोबर पिठाची गिरणी घातली आहे.

मास्तरांची चौकशी सात महिन्यांनी संपली. खातेदारांचं नुकसान नाही हे मान्य झालं आणि त्यांची रक्कम सुटली. त्या सात महिन्यांत ते पोस्टाच्या फळ्यांपलीकडे, दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, “पलीकडं जा, बाई हाईत.”

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. ते गाठोडं मी 2021 मध्ये पहिल्यांदा पाहिलेलं नव्हतं. निदान आठ वर्षं आधी एका तपासणीत मला फळीखाली पासबुकं दिसली होती. मी विचारलं, मास्तर म्हणाले, “बायका ठेवून जातात,” आणि मी चहा पिऊन निघालो. तेव्हाच मी ती परत द्यायला लावली असती तर मास्तरांना नुसती समज मिळाली असती. निवृत्तीच्या तोंडावर जे झालं ते झालं नसतं. मी त्यांना वाचवतोय असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसरं, रोकडीचं. मनीऑर्डरीच्या दिवसांत बीओला पुरेशी रोकड मिळत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शिल्लक मर्यादा वाढवून मागायची सोय होती, त्यासाठी ओव्हरसियरचा अहवाल लागतो. मी तो एकदा दिला आणि त्याचा पाठपुरावा केला नाही. दुकानाचा गल्ला आहे, चाललंय, मग कशाला? पैसे मिसळायची सवय तिथंच पडली.

तिसरं, हस्तांतराचा काळ. नव्या माणसाला ताबा देण्याआधी तीन-चार महिने जुन्या माणसाबरोबर बसायला मिळालं असतं तर पावसाळ्यातल्या हप्त्यांची गोष्ट आधीच उघड झाली असती. मास्तर पुट ऑफ झाल्यामुळे ते अधिकृतपणे शक्य नव्हतं. पण खासगीत त्यांना विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. चौकशी चालू आहे, आपण बोलू नये, असं म्हणून मी लांब राहिलो. त्यामुळे एकोणीस बायकांची खाती बंद पडली.

कळवण्याच्या निर्णयाबद्दल मला अजूनही तसंच वाटतं. तो बरोबर होता. उशिरा घेतला, एवढंच.

सध्या

ती मुलगी तीन वर्षं राहिली आणि बदलीची सोय मिळाल्यावर घराजवळ गेली. जाताना गावानं तिची ओटी भरली. नारळ आणि खण वयनींनी दिला. तिच्या जागी आलेला मुलगा आजऱ्याचा आहे, त्यामुळे बोलीचा प्रश्न नाही. एप्रिलमध्ये काट्याजवळ बसायचं हे त्याला हस्तांतराच्या वेळी तिनं लिहून दिलं आहे.

एकसष्टावं पासबुक अजून सब ऑफिसात आहे. खातेदार बाई 2019 मध्येच वारली होती. तिच्या नावचे हप्ते त्यानंतरही दोन वर्षं दर महिन्याला भरले गेले होते. मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तिचा मुलगा म्हापशाला कामाला असतो, पाच वर्षं पुरी झाली की त्याला एकरकमी मिळावेत असं त्या बाईनं सांगितलं होतं. मुलगा गेल्या महिन्यात आला, वारसाचा फॉर्म भरून गेला. साक्षीदार म्हणून दोन सह्या लागतात. एक मास्तरांची आहे, दुसरी मी केली.